‘चेक’ हा शब्द नेमका कुठून आला आणि त्याचे मराठी दर वेळी वेगळे का करावे लागते?

प्रश्न असा आहे: बँकेचा चेक, चेक्सचा शर्ट, ‘जरा चेक कर’, चेक डॅम, चेकनाका आणि बुद्धिबळातला चेक हे सगळे एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ आहेत, की योगायोगाने सारखे दिसणारे वेगवेगळे शब्द? आणि भाषांतर करताना सगळीकडे ‘तपासणे’ लिहिले तर काय बिघडते?

पहिल्या भागाचे उत्तर लगेच देता येते. या यादीतले सगळे चेक एकाच शब्दाचे वंशज आहेत आणि तो शब्द मराठीला मुळीच परका नाही. पटावर समोरच्याच्या राजावर चाल केली की आपण जे म्हणतो तेच हे: शह. इंग्रजांचा चेक आणि आपला शह एकाच फारसी शब्दापासून निघाले. आपल्याकडे तो सरळ आला, इंग्लंडला अरबी, लॅटिन आणि फ्रेंच असा वळसा घालून पोहोचला. दुसऱ्या भागाला जरा वेळ लागेल, कारण चुका तिथेच होतात, आणि त्या का होतात हे शब्दाचा प्रवास पाहिल्याशिवाय कळत नाही.

शाह, शह आणि चेक

फारसीत राजाला शाह म्हणतात. त्याचे जुने रूप इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट पहिल्या दरायसने इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास कोरवलेल्या लेखात ‘ख्शायथिय’ असे सापडते. मूळ धातूचा अर्थ सत्ता चालवणे. वैदिक संस्कृतातले ‘क्षयति’ त्याचे सख्खे भावंड. क्षत्र आणि क्षत्रिय त्याच घरातले. इराणी ‘ख्शथ्र’ म्हणजे राज्य. झिजत झिजत त्याचे ‘शहर’ झाले. राज्याचा प्रांत सांभाळणारा तो क्षत्रप. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत ज्याचे नाव येते तो नहपान असाच एक क्षत्रप होता.

बुद्धिबळ भारतातून इराणात गेले तेव्हा खेळाचे नाव बरोबर गेले. चतुरंगाचे तिथे चत्रंग झाले आणि अरबीत शत्रंज. राजाला मात्र इराण्यांनी आपला शब्द दिला. राजावर चाल केली की खेळणारा ‘शाह!’ असे मोठ्याने म्हणायचा. अर्थ एवढाच की राजाकडे बघ, तो संकटात आहे. अरबांनी खेळ घेतला तेव्हा ही हाकही घेतली. पुढे युरोपात लॅटिन लिहिणाऱ्यांनी तिचे ‘स्काकुस’ केले, कारण लॅटिनच्या कानाला सुरुवातीचा ‘श’ आणि शेवटचा ‘ह’ दोन्ही परके होते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ झाले. इंग्रजीने पुढचा ‘ए’ गाळला आणि इसवी सन १३००च्या सुमारास ‘चेक’ रूढ झाला. जर्मनमध्ये आजही ‘शाख’ आहे, इटालियनमध्ये ‘स्काक्को’. फ्रेंच शब्दाचे अनेकवचनही इंग्रजीत आले आणि त्याचे ‘चेस’ झाले. इंग्रज ज्या खेळाला चेस म्हणतात त्याच्या नावाचा मूळ अर्थ नुसता ‘राजे’ एवढाच आहे.

‘चेकमेट’मधला ‘मेट’ही आपल्या घरात आहे. ‘आजारावर मात केली’ या वाक्यातली मात तीच. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल झालेला. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला. ‘शाह मात’चा अर्थ दोन्ही प्रकारे लावतात. मला पहिला जास्त पटतो, कारण बुद्धिबळात राजा मारला जात नाही, त्याचे मार्ग संपतात.

मराठीत या शब्दाचा विस्तार पाहण्यासारखा आहे. आदिलशाही, निजामशाही या राजवटींच्या नावांतून ‘शाही’ हा प्रत्यय सुटा झाला आणि त्याने हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही असे शब्द घडवले. त्यातूनच लोकशाही आली, म्हणजे राजाच्या नावावर बेतलेला लोकांच्या सत्तेचा शब्द. पण शब्दाच्या सुरुवातीला ‘शह’ दिसला की दर वेळी शाह आठवू नये. शहाणा हा संस्कृत ‘सज्ञान’पासून आला. शहामृगातला शहा म्हणजे फारसी ‘शुतुर’, उंट. पूर्ण शब्द ‘शुतुर्मुर्ग’, उंटपक्षी. गुजराती शहा आडनाव साधू, साहू, साह या वाटेने आलेले आहे.

थांबवण्यापासून तपासण्यापर्यंत

शह बसला की खेळणाऱ्याचे स्वातंत्र्य संपते. मनात आखलेला डाव बाजूला ठेवावा लागतो. फक्त तीनच गोष्टी करता येतात: राजा हलवायचा, शह देणारे मोहरे मारायचे, किंवा मध्ये काही आणून वाट अडवायची. घोड्याचा शह असेल तर तिसरा मार्गही नाही. खेळातल्या या अनुभवातून इंग्रजीत चेकचा पटाबाहेरचा पहिला अर्थ निघाला: अचानक थांबवणे, अडवणे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो दिसू लागतो. त्यातून आवर घालणे, ताब्यात ठेवणे. सत्ता किंवा पैसा ताब्यात ठेवायचा तर त्याच्यावर लक्ष हवे, हिशेब मागायला हवा. म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस पडताळून पाहणे हा अर्थ पक्का झाला. पडताळलेल्या ओळीपुढे खूण करतात, म्हणून अमेरिकन इंग्रजीत बरोबरची खूण हाही चेक. पडताळण्यासाठी दिलेला बिल्ला हाही चेक, आणि हॉटेलात मागितलेले बिल हाही तिकडे चेकच.

हा क्रम लक्षात ठेवला तर भाषांतरातला निम्मा गोंधळ मिटतो: राजावर चाल, मग अडवणे, मग ताब्यात ठेवणे, मग पडताळणे, मग खूण, बिल्ला, बिल. तपासणे हा या साखळीतला उशिरा आलेला दुवा आहे. आज तो सर्वांत जास्त वापरला जातो, म्हणून तोच मूळ आहे असे वाटते आणि जिथे अडवणे अभिप्रेत आहे तिथेही ‘तपासणी’ लिहिली जाते.

‘कंट्रोल’ हा शब्द नेमका उलट दिशेने गेला. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता हिशेबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत ठेवून तिच्याशी ताडून पाहणे. ताडून पाहणाऱ्याच्या हातात सत्ता येते, म्हणून नंतर नियंत्रण. एक शब्द अडवण्याकडून पडताळणीकडे आला, दुसरा पडताळणीकडून अडवण्याकडे. दोघे वाटेत हिशेबाच्या टेबलावर भेटले.

ते टेबल

हे टेबल खरोखर होते, आणि चौकड्यांचे कापड व बँकेचा चेक या दोन्ही अर्थांची वाट त्याच्यावरून जाते. इंग्लंडच्या राजाचा खजिना सांभाळणाऱ्या खात्याचे नाव एक्सचेकर. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणजे बुद्धिबळाचा पट. सुरुवातीचा ‘एक्स’ नंतरच्या लेखनिकांनी लॅटिन उपसर्ग समजून चुकून घातलेला आहे. हे खाते पहिल्या हेन्रीच्या काळात, बाराव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले. त्याचे काम कसे चाले ते रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७०च्या दशकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये सविस्तर लिहून ठेवले आहे.

टेबल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. कडेने चार बोटे उंच काठ, मांडलेले काही घरंगळू नये म्हणून. वर काळे कापड, त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतरावर रेघा. उभे रकाने सात. उजवीकडून पहिल्यात पेनी, दुसऱ्यात शिलिंग, तिसऱ्यात पौंड, चौथ्यात वीस-वीस पौंड, पाचव्यात शेकडे, सहाव्यात हजार, सातव्यात दहा हजार. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. परगण्याचा शेरीफ, म्हणजे तिथला राजाचा महसूल गोळा करणारा अधिकारी, वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमासला, हिशेब द्यायला समोर बसे.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. शेरीफाकडून १२७ पौंड ६ शिलिंग ८ पेनी येणे आहे. वरच्या ओळीत शेकड्याच्या रकान्यात एक नाणे, विसाच्या रकान्यात एक, पौंडात सात, शिलिंगात सहा, पेनीत आठ. त्याने भरले ८५ पौंड १० शिलिंग. ते खालच्या ओळीत: विसाच्या रकान्यात चार, पौंडात पाच, शिलिंगात दहा. आता वरून खालचे उचलायचे. सहा शिलिंगांतून दहा जात नाहीत, म्हणून एक पौंड मोडून वीस शिलिंग घ्यायचे. विसाच्या रकान्यात कमी पडते, म्हणून शंभर मोडून पाच विसे. टेबलावर उरते विसाच्या रकान्यात दोन, पौंडात एक, शिलिंगात सोळा, पेनीत आठ. बाकी ४१ पौंड १६ शिलिंग ८ पेनी. रोमन अंकांत ही वजाबाकी कागदावर करणे त्रासाचे होते. इथे ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होई आणि लिहितावाचता न येणाऱ्यालाही दिसे. खुद्द फिट्झनील या प्रसंगाला बुद्धिबळाची उपमा देतो: पटावर दोन राजे लढतात, तसे इथे खजिनदार आणि शेरीफ.

पैसे भरल्याची पावती म्हणजे लाकडाची काठी. तिच्यावर रकमेनुसार खाचा पाडत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून दोन भाग करत. लांब भाग पैसे भरणाऱ्याकडे, आखूड भाग खजिन्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग जोडून पाहायचे. खाचा जुळल्या तर खरे. लाकडाचा नैसर्गिक पोत दोन्ही भागांत सारखा असतो, त्यामुळे खोटा तुकडा बनवणे जवळजवळ अशक्य. ही पद्धत १८२६पर्यंत चालली. साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ला पार्लमेंटच्या इमारतीतल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत जुने पार्लमेंटच जळून गेले.

पटासारख्या दिसणाऱ्या नक्षीला चेकर आणि पुढे नुसते चेक म्हणू लागले. चेक्सचा शर्ट इथून आला. मराठीत आपण चौकडीचे कापड म्हणतो. ‘चौ’ ऐकताच चार बाजू डोळ्यांपुढे येतात. मोटार शर्यतीच्या शेवटी फडकतो तो काळापांढरा झेंडाही याच नक्षीचा. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात एक्सचेकर आजही आहे. तिथे आपली वर्तमानपत्रे सरळ ‘अर्थमंत्री’ लिहितात, ते योग्यच आहे.

बँकेचा चेक

लोकांना वाटते की बँकेच्या कागदाला आधीपासून चेक म्हणत. तसे नव्हते. ज्या हस्तलिखित आदेशांना आज आपण चेक म्हणू, ते सतराव्या शतकातच लंडनमध्ये चालत. १६५९चा, ४०० पौंडांचा असा एक कागद जपलेला आहे. पण त्या काळी त्याला चेक हे नाव नव्हते.

नाव आले ते दुसऱ्या टोकाकडून. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणत ते सरकारी रोख्याच्या मागे उरणाऱ्या तुकड्याला, ज्याला आपण स्थळप्रत म्हणतो. रोखा खरा की खोटा हे त्या तुकड्याशी जुळवून पडताळता येई. अफरातफरीला शह बसे. चिरलेल्या काठीचेच हे कागदी रूप. मग नाव स्थळप्रतीवरून घसरत घसरत हातात दिलेल्या कागदावर आले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी एक्सचेकरच्या धर्तीवर शेवटी ‘क्यू-यू-ई’ असलेले स्पेलिंग रूढ केले. अमेरिकेने जुने, ‘सी-के’वाले ठेवले. चेक-हुंड्यांबाबतचा भारताचा १८८१चा कायदा, परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), ब्रिटिश स्पेलिंग वापरतो. म्हणून अमेरिकेतला दस्तऐवज भाषांतराला आला तर हा फरक पहिल्याच पानावर पाहून ठेवावा. तिथे एकाच स्पेलिंगमध्ये धनादेशही असतो, तपासणीही आणि हॉटेलचे बिलही.

‘चेक’ हा अरबी ‘सक्क’पासून आला, असे वारंवार वाचायला मिळते. सक्क खरेच होते. फारसी ‘चक’, म्हणजे दस्तऐवज, याचे ते अरबी रूप, आणि अब्बासी काळातले व्यापारी ते वापरत. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल ४२,००० दिनारांच्या अशा एका कागदाचा उल्लेख करतो. पण इंग्रजी शब्दाची वाट तिथून येत नाही. तसे असते तर इंग्रजीतला पैशाशी जोडलेला पहिला अर्थ ‘पैसे देण्याचा आदेश’ असा सापडायला हवा होता. सापडतो तो ‘पडताळणीचा तुकडा’. शब्दाचा वंश ठरवताना ध्वनी जुळणे पुरत नाही. अर्थांची पायरीही सलग लागावी लागते.

मराठीत चेकबरोबर येणारी क्रियापदे मात्र आपली स्वतःची आहेत, आणि ती हुंडीच्या व्यवहारातून आलेली आहेत. चेक वटतो, वटवला जातो, किंवा वटत नाही. वटाव हा शब्दही त्याच पेढीवरचा. म्हणून ‘धनादेशाचा अनादर झाला’ हे कायद्याच्या मसुद्यात ठीक, पण बातमीत ‘चेक वटला नाही’ हेच लिहावे. दाखवताच पैसे देणे बंधनकारक असलेली दर्शनी हुंडी ही कल्पनेने चेकच्या सर्वांत जवळची. ठरलेल्या दिवसांनंतर वटणारी मुदती हुंडी वेगळी. जुनी व्यापारी कागदपत्रे भाषांतरित करताना दोन्हींना सरसकट ‘चेक’ म्हणू नये.

मराठी शब्द कसा निवडावा

वाक्यात ‘चेक’ आला की आधी एकच परीक्षा करावी: त्या जागी ‘अडव’ बसते का, ‘ताडून पाहा’ बसते का, की ‘खूण कर’? उत्तर मिळाले की शब्द आपोआप सुचतो.

‘अडव’ बसत असेल तर मराठीकडे इंग्रजीपेक्षा जास्त बारकावे आहेत. सत्तेवर अंकुश ठेवतात. खर्चाला, वेगाला लगाम घालतात. भ्रष्टाचाराला, साथीला आळा घालतात. रागाला, हौसेला आवर घालतात. गुंडगिरीला चाप लावतात. ‘साथीवर अंकुश’ कानाला खटकते, कारण अंकुश हत्तीसाठी असतो. तो ज्याच्यावर ठेवायचा त्याचे बळ आपल्याला हवेही असते, फक्त मोकाट नको असते. राज्यघटनेच्या चर्चेत येणाऱ्या ‘चेक्स अँड बॅलन्सेस’साठी म्हणूनच ‘परस्परांवरील अंकुश व समतोल’ मला सर्वांत नेमके वाटते. ‘नियंत्रण व संतुलन’ रूढ आहे, पण नियंत्रण म्हटले की वरून खाली चालणारी सत्ता डोळ्यांपुढे येते. संसद, सरकार आणि न्यायालय एकमेकांना शह देऊ शकतात ही मूळ कल्पना त्यात हरवते. ‘तपासण्या आणि शिल्लक’ असे भाषांतर यंत्राने केलेले सर्रास दिसते, ते तर हिशेबाच्या वहीतले झाले.

‘ताडून पाहा’ बसत असेल तर दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. वस्तूची अवस्था पाहायची असेल तर तपासणे: रक्तदाब तपासला, टायरमधली हवा तपासली. एक गोष्ट दुसरीशी जुळते का हे पाहायचे असेल तर पडताळणे: सही पडताळली, पोलिसांनी चारित्र्य पडताळणी केली. ‘फॅक्ट चेक’ म्हणूनच तथ्यपडताळणी. ‘आरोग्य पडताळणी’ आणि ‘सही तपासणी’ दोन्ही ऐकताच अडखळायला होते, आणि ते अडखळणे योग्य आहे. कुणाला विचारून खात्री करायची असेल तर खातरजमा. नुसते बघून यायचे असेल तर ‘पाहा’ पुरते: ‘दूध उतू गेलं का बघ जरा’ इथे तपासणीचे काही काम नाही.

सर्वांत जास्त चुका तिसऱ्या गटात, अर्जांत आणि मोबाइलच्या पडद्यावर होतात. ‘चेक ऑल दॅट अप्लाय’चे ‘लागू होणारे सर्व तपासा’ असे केलेले असते. अर्ज भरणारा यादी वाचून काढतो, तपासतो आणि कुठेही खूण न करता अर्ज देऊन टाकतो. लिहायला हवे: ‘जे जे लागू असेल त्यापुढे बरोबरची खूण करा’. ‘चेक द बॉक्स’ म्हणजे ‘चौकोनात खूण करा’; ‘पेटी तपासा’ असे लिहिलेले दिसते तेव्हा मूळ वाक्य कुणी वाचलेच नाही हे कळते. ‘चेक फॉर अपडेट्स’ म्हणजे ‘नवे अपडेट आले आहे का पाहा’. या वाक्यात शोध आहे, आणि ‘अपडेट तपासा’ म्हटले की ते आधीच आलेले आहे असा अर्थ होतो.

विमानतळावर घोटाळा वेगळा. ‘चेक्ड बॅगेज’चे ‘तपासलेले सामान’ करतात. पण हातातली पिशवीही यंत्रातून तपासूनच जाते. इथला चेक बिल्ल्याच्या वंशातला आहे. अमेरिकेतल्या रेल्वेवर एकोणिसाव्या शतकात पेटीला पितळी बिल्ला अडकवत आणि जोडीचा बिल्ला प्रवाशाला देत. उतरताना नंबर जुळला की पेटी मिळे. आजही बॅगेला पट्टी लागते आणि तिचा तुकडा आपल्याकडे राहतो. म्हणून ‘काउंटरवर जमा केलेले सामान’ म्हणावे. प्रवाशाला नेमके तेवढेच कळायला हवे असते. ‘रेन चेक’ही याच कुळातला. पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला की पुढच्या सामन्यासाठी दिलेला तुकडा तो. बोलताना कुणी ‘रेन चेक घेतो’ म्हणाले तर मराठीत ‘आज नको, पुन्हा कधीतरी नक्की’.

‘क्रॉस’ शब्द जोडला की आणखी एक खड्डा. क्रॉस केलेला चेक म्हणजे दोन तिरप्या रेघा मारलेला, रेखांकित धनादेश. तो खिडकीवर रोख मिळत नाही, खात्यातच जमा होतो. ‘क्रॉसचेक’ म्हणजे दुसऱ्या मार्गाने केलेली पडताळणी. शब्दांची अदलाबदल झाली की अर्थ पूर्ण पालटतो.

पाणी, पंप आणि लाकूड

तंत्राच्या लिखाणात चेक जवळजवळ नेहमी ‘अडवणे’ याच जुन्या अर्थाने येतो, आणि नेमके तिथेच ‘तपासणी’ घुसते. चेक डॅम म्हणजे ओढ्याचा वेग अडवणारा छोटा बांध: नाला बांध किंवा बंधारा. ‘तपासणी धरण’ वाचून शेतकऱ्याला काहीच कळणार नाही. इथेही मराठीत सावध राहावे लागते, कारण प्रत्येक बंधारा चेक डॅम नसतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या खाचांत फळ्या बसवतात. पावसाळ्यात त्या काढून पूर जाऊ देतात, आणि पाऊस ओसरला की पुन्हा बसवून पाणी अडवतात. साध्या सिमेंटच्या नाला बांधावरून जास्तीचे पाणी वरून वाहून जाते, काढघाल काही नाही. इंग्रजी अहवालात नुसते ‘चेक डॅम’ लिहिले असेल तर वर्णनात फळ्यांचा उल्लेख आहे का ते पाहूनच शब्द ठरवावा.

‘चेक व्हॉल्व्ह’ म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. प्लंबर तिला ‘एनआरव्ही’ (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात. विहिरीवरच्या पंपाच्या शोषण नळाला तळाशी असलेला फूट व्हॉल्व्ह ही तिचीच एक जात. पंप बंद झाला की नळातले पाणी परत विहिरीत जाऊ नये हे तिचे काम. झडपेत काडीकचरा अडकला तर पाणी उतरते, नळात हवा भरते आणि पुढच्या वेळी पंप नुसता फिरतो, पाणी खेचत नाही. माहितीपुस्तिकेत ‘तपासणी झडप’ छापले तर दुरुस्ती करणारा दाब मोजायची जागा शोधत बसेल.

लाकडाच्या व्यवहारात चेक म्हणजे सुकताना पडणारी चीर. ओंडक्याचा पृष्ठभाग आधी सुकून आकसतो आणि गाभा ओलाच राहतो, म्हणून ताण येऊन लाकूड तडकते, टोकांना जास्त. ‘एंड चेक’ला ‘टोकाची चीर’ म्हणावे. टोकांना मेण किंवा रंग लावतात तो टोकांकडून ओल सावकाश जावी म्हणून.

चेकनाका हा शब्द मात्र जसाच्या तसा ठेवावा. गाडी अडवायची आणि मग तपासायची, असे चेकचे दोन्ही अर्थ तिथे एकाच जागी भेटतात, आणि जोडीला आपला नाका. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ला बंद झाली, पण मुंबई-ठाण्याच्या हद्दीवरचा मुलुंड चेकनाका लोकांच्या तोंडी चेकनाकाच आहे.

या घरात न बसणारे

देवनागरीत आणखी एक चेक दिसतो, आणि त्याचा शाहशी काही संबंध नाही: चेक प्रजासत्ताकाचा. तो ‘चेख’ या स्लाव्ह लोकनामावरून आला. दंतकथेत तो त्यांचा मूळपुरुष आहे. इंग्रजीने पोलिश स्पेलिंग उचलले, म्हणून तिथे ‘सी-झेड’ दिसतो. इंग्रजीत हे दोन शब्द डोळ्यांना वेगळे आणि कानाला सारखे. देवनागरीत डोळ्यांनाही सारखेच. त्यामुळे ‘चेक बँकेला दंड’ या मथळ्यात बँक प्रागची की प्रकरण धनादेशाचे, हे कळत नाही. देशाचा संदर्भ असेल तिथे ‘चेक प्रजासत्ताकातील’ असे पूर्ण लिहावे आणि त्याच पानावर बँकेच्या कागदाला ‘धनादेश’ म्हणावे. रशियन क्रांतीच्या इतिहासात भेटणारी ‘चेका’ ही तिसरीच. डिसेंबर १९१७मध्ये स्थापन झालेल्या गुप्त पोलीस यंत्रणेच्या रशियन नावातल्या ‘चे’ आणि ‘का’ या दोन अक्षरांच्या उच्चारांवरून ते नाव बनले. विभक्तीप्रत्यय लावताना ‘चेकाने अटक केली’ असे लिहिले तर वाचक धनादेशाकडे वळतो. ‘चेका या यंत्रणेने’ असे लिहावे.